एकहाती कुत्रा

संपादकांनी पत्रात 'नोकरीतले गमतीदार अनुभव' मागितले होते. गुरांच्या दवाखान्यात बावीस वर्षे काढलेल्या माणसाकडे गमतींना तोटा नसतो. एक-दोन सांगतोही. पण ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती गमतीची नाही. ती वगळून बाकीचे लिहिले तर गेली चार वर्षे जे करीत आलो तेच पुन्हा केल्यासारखे होईल.

आधी माझे काम सांगतो. मी स्टॉकमन. स्टॉकमन म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा मोडनिंबला येत. बाकीचे दिवस दवाखान्याची किल्ली माझ्याकडे असे. घटसर्पाची लस टोचायची, गोऱ्हे खच्ची करायचे, अडलेली म्हैस सोडवायची, पोट फुगलेल्या बैलाला तेल पाजायचे. लोक मला डॉक्टर म्हणत. पहिल्या वर्षी मी दोन-चार जणांना "मी डॉक्टर नाही हो" असे सांगून पाहिले. मग सांगायचे सोडून दिले. ऐकायला बरे वाटत होते.

कुत्र्यांचा आणि माझा संबंध दुष्काळानंतर आला. ज्यांच्या विहिरींना पाणी राहिले त्यांनी मोटारी बसवल्या, द्राक्षे लावली, आणि त्यामागोमाग चोऱ्या सुरू झाल्या. रात्रीत विहिरीवरची मोटार जायची. गावठी कुत्रे असले तर चोर आधी त्याला विष घातलेला मटणाचा तुकडा टाकायचे. मग बागाईतदारांना एकाएकी अल्सेशियन कुत्री हवीशी झाली. हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना. "डॉक्टर, एक आलीशान कुत्रं बगा की आमाला," असे म्हणायचे. आलीशान कुत्र्याचे कान उभे हवेत, ते काळेतांबूस हवे आणि मुख्य म्हणजे तिखट हवे.

तिखट हा शब्द काहींनी शब्दशः घेतला होता. जेऊरचे एक अडते महिनाभर आपल्या कुत्र्याला भाकरीत लवंगी मिरचीचा ठेचा घालून चारत होते. कुत्रे आतड्यांच्या आगीने अर्धे झाले, उठून उभे राहीना. त्याला गाडीत घालून माझ्याकडे आणले आणि म्हणाले, "डॉक्टर, महिना झाला, अजून तिखट न्हाय झालं. मिरची बदलू का?"

मी म्हणालो, "मिरची राहू द्या, मालक बदला."

ते स्वतःच खदखदून हसले आणि जाईल तिथे हा किस्सा सांगत सुटले. त्यातून माझे नाव झाले. कुत्र्यातले कळते ते मोडनिंबच्या डॉक्टरला, असे लोक म्हणू लागले. खरे तर मला कुत्र्यातले काही कळत नव्हते. एका गिरणीच्या जुन्या पहारेकऱ्याने सांगितलेल्या चार गोष्टी मला ठाऊक होत्या. दवाखान्यातल्या खुर्चीत बसून सांगितल्या की त्याच गोष्टी शास्त्र होतात, एवढे मात्र मला कळले होते.

त्यांतली मुख्य गोष्ट अशी. कुत्रा एकहाती करायचा. पिलू घरात आल्यापासून एकाच माणसाने त्याला खायला घालायचे. दुसऱ्या कुणी अंगावरून हात फिरवायचा नाही, नावाने हाक मारायची नाही. दुसऱ्याने पुढे केलेल्या तुकड्याला त्याने तोंड लावले, तर मालकाने नाकाडावर फटका द्यायचा. वर्षभरात असा कुत्रा तयार होतो की मालकाच्या हाताशिवाय तो जगात कुणाचा तुकडा खात नाही. विषाची भीती संपली. शिवाय मालक सोडला तर बाकी सगळे जग त्याला चोर.

सोलापूरला रेल्वेतल्या एका साहेबांच्या बंगल्यावर अल्सेशियन कुत्री व्याली होती. तिची दोन पिले मी मागून आणली. एक सोलापुरातच एका तेलुगू मागवाल्यांना दिले. त्यांना नियम सांगितले. पण त्यांच्या मागांच्या कारखान्यात वीस-पंचवीस माणसे, बायका, पोरे, सगळी एकाच अंगणात जेवणारी. कुणाकुणाला अडवणार? वर्षाने भेटले तेव्हा मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "हे कुत्रा नाही डॉक्टर, जावई आहे. खातो, झोपतो, सगळ्यांकडून मान घेतो." मी त्यांना चुकलात म्हणून सुनावले. ते कुत्रे अजून आहे. अनोळखी माणूस आला की भुंकते, घरच्याने "गप" म्हटले की बसते. त्याने आजवर कुणाला दात लावलेला नाही.

दुसरे पिलू नारायणतात्यांना दिले.

तात्यांची वस्ती मोडनिंबपासून दोन मैलांवर. तात्या, त्यांची बायको, जिला मी काकू म्हणत असे, आणि मुलगा शंकर व सून. त्यांची मोटार एकदा गेली होती आणि मोत्या नावाचे गावठी कुत्रे विषाने मेले होते. मी पिलू घेऊन गेलो तेव्हा काकूंनी त्याला उचलून मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "ह्येचंबी नाव मोत्याच ठिवू."

मी म्हणालो, "मोत्या नको. टायगर ठेवा. आणि काकू, पिलू खाली ठेवा. आजपासून त्याला फक्त तात्यांनी हात लावायचा." मग एकहाती म्हणजे काय ते समजावून सांगितले.

काकूंनी पिलू खाली ठेवले, पण मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, म्हस एकहाती निगाली तर आमी ती बाजारात इकतो. बाई म्हायेरी गेली की धार देत न्हाय, कासंला हात लावू देत न्हाय. ती म्हशीची खोड हाय. आन् तुमी कुत्र्याला मुद्दाम लावायला निगालाय?"

तात्या हसले, शंकर हसला, मीही हसलो. "काकू, म्हशीनं दूध द्यायचं असतं आणि कुत्र्यानं चावायचं असतं," मी म्हणालो. या वाक्यावर सगळे आणखी हसले. अडलेल्या म्हशी सोडवण्यात मी उमेदीची वर्षे घालवली आणि म्हशीवरून एका बाईने सांगितलेली साधी गोष्ट मला कळली नाही.

तीन-चार महिन्यांनी त्या बाजूला लसीकरणाला गेलो होतो. वस्तीच्या मागल्या अंगाने येताना दिसले, काकू पडवीच्या कोपऱ्यावर उकिडव्या बसल्या होत्या आणि टायगर त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा खात होता. त्याची शेपटी सारखी हलत होती. काकू त्याला हळूच म्हणत होत्या, "खा मोत्या, खा लवकर."

मी तिथूनच ओरडलो. तात्यांना बोलावले. म्हणालो, "असं करणार असाल तर कुत्रा परत द्या. उद्या चोर असाच तुकडा टाकील." तात्यांनी पिलाला नाकाडावर मारले आणि काकूंना म्हणाले, "एकदा सांगितल्यालं कळत न्हाय व्हय गं तुला?" हातातला उरलेला तुकडा काकूंनी पदरात बांधला आणि आत गेल्या. त्यानंतर त्यांनी त्याला कधी काही दिले नाही.

टायगर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला तयार झाला. वस्तीच्या पुढे लिंबाखाली खुंटा होता आणि दहा-बारा हातांची साखळी. फिरून फिरून त्या साखळीने जमिनीवर एक रिंगण पडले होते. रिंगणाच्या आत तात्यांशिवाय कुणी जात नसे. मी लोकांना मुद्दाम दाखवायला नेत असे. शंकरला मटण टाकायला लावायचे, टायगर नुसता गुरगुरायचा, आणि माणसे माझ्याकडे वळून बघायची. तात्यांना मात्र आता कुठे जाता येत नव्हते. बार्शीला लेकीकडे गेले की संध्याकाळी परत. "माज्याबिगर पान्याला तोंड लावत न्हाय डॉक्टर," असे ते कौतुकाने सांगत. तेव्हा तरी मी थांबायला हवे होते. मीही कौतुकानेच ऐकत होतो.

चैत्रातली सकाळ होती. अकराचा सुमार. शंकर सायकल टाकून दवाखान्यात आला. त्याला धाप लागली होती.

"डॉक्टर, चला. तात्या पडल्यात."

मी म्हणालो, "अरे, मग माणसांच्या डॉक्टरकडं जा की."

"त्येंनाच आदी न्हेलं. ते हुबं हायत तितं, ब्याग घिऊन. कुत्रं जवळ जाऊ देईना."

मला तो रस्ता अजून दिसतो. दोघे सायकलीवर, मी मागे, असे दोन मैल.

तात्या रिंगणाच्या आत पडले होते, खुंट्याजवळ. खायला घालायला गेले होते. थाळी पालथी झाली होती, दुधात कुस्करलेली भाकरी मातीत सांडली होती. त्यांचे तोंड वाकडे झाले होते, पण छाती हलत होती. टायगर त्यांचा चेहरा चाटायचा, आणि कुणी पाऊल पुढे टाकले की साखळीला हिसका बसेपर्यंत अंगावर यायचा. मग पुन्हा जाऊन चाटायचा. रिंगणाच्या कडेला गावातले डॉक्टर, चार गडी, सून आणि काकू. गड्यांच्या हातांत काठ्या होत्या. काठी दिसली की तो आणखी पिसाळायचा.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. एक गडी म्हणाला, "आलं, ज्येनी तयार केलंय ते आलं."

मी तात्यांच्या आवाजात "टायगर, बस" म्हणालो. दोनदा, तीनदा. तो माझ्यावर धावून आला. मी मागे सरकलो ते थेट गड्यांच्या मागे. काकू रिंगणाच्या रेषेवर उभ्या होत्या. त्यांच्या हातात भाकरी होती. "ये की रं बाबा. ह्ये बग. ये हिकडं," असे म्हणत त्या तुकडा पुढे करीत होत्या. तो तुकड्याकडे बघतसुद्धा नव्हता. तसे त्याला मीच शिकवले होते.

शेवटी वाट काकूंनी काढली. "गाडी घाला मदी," त्या म्हणाल्या. गड्यांनी बैलगाडी हाताने ढकलत रिंगणात घातली, चाकाखाली साखळी दाबली गेली आणि टायगर पलीकडे अडकला. शंकर गाडीखालून सरपटत गेला आणि त्याने वडिलांचे पाय धरून ओढले. तेवढ्यात टायगरने मान लांब करून शंकरच्या हाताला पकडले. मांस निघाले, पण शंकरने तात्यांना सोडले नाही.

हायवेवर एक ट्रक थांबवून त्यांना सोलापूरला न्यायला निघालो. मोहोळ मागे पडल्यावर तात्या गेले.

गावातले डॉक्टर मला नंतर म्हणाले, "तासभर मी वीस फुटांवर उभा होतो. लवकर हाताशी लागले असते तर काहीतरी करता आलं असतं. वाचलेच असते असं मी म्हणत नाही." या दोन वाक्यांतले दुसरे धरून मी कितीतरी दिवस काढले. पण पहिले काही केल्या जात नाही.

टायगर खुंट्यालाच होता. तो खात नव्हता, पाणीही पीत नव्हता. आमच्या डॉक्टरसाहेबांना मी सगळे सांगितले. ते शांत माणूस. म्हणाले, "चावलेलं कुत्रं दहा दिवस जिवंत ठेवून पाहायचं, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. ते पिसाळलेलं नाही हे दिसलं की त्या मुलाची पोटातली इंजेक्शनं थांबवता येतील. आणि त्याला हात लावू नका. भूक मोठी असते. आठ-दहा दिवसांत कुणाच्या तरी हाताला येईल."

काकू रोज त्या रिंगणाशी जाऊन बसत होत्या. सुतकात घरी चूल नव्हती, भावकीतून भाकरी यायची. स्वतःच्या वाटणीतली अर्धी भाकरी घेऊन त्या रेषेबाहेर बसायच्या. दुसऱ्या दिवशी काठीने पाण्याची लोखंडी पाटी आत सारली. चौथ्या दिवशी तो पाणी प्याला. मी गेलो तेव्हा त्या रेषेच्या आत हातभर सरकल्या होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या: "खा की रं. त्येनीच सांगितलंय मला, खाऊ घाल म्हणून." तो पडल्या पडल्या ऐकत होता. गुरगुरत नव्हता.

पण माणसे येत होती. सांत्वनाला म्हणून येत आणि कुत्र्याकडे बघत उभी राहत. "ह्येच का त्ये? कुणी तयार केलं?" असे विचारत. शंकरने सहाव्या दिवशी मला बाजूला घेतले. हाताला पट्टी, डोळे लाल. "डॉक्टर, ह्येला संपवा. मला त्ये बगवत न्हाय."

मी म्हणालो, "दहा दिवस ठेवायला हवं. नाहीतर तुला चौदाही इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"घेतो की चौदा. तुमी संपवा. आन् आईला सांगू नका, ती करू द्यायची न्हाय."

मी हो म्हणालो. शंकरचे दुःख हे त्याचे कारण होते. माझे कारण वेगळे होते. तो कुत्रा जिवंत असेपर्यंत माझी चूक तिथे खुंट्याला बांधून ठेवल्यासारखी होती आणि येणारे-जाणारे ती बघत होते. मला ती दिसेनाशी व्हायला हवी होती.

त्याच्या जवळ जाऊन सुई टोचणे अशक्य होते. म्हणून सातव्या दिवशी सकाळी झोपेचे औषध घेऊन गेलो. काकू नेहमीच्या जागी होत्या. आता खुंट्यापासून चार हातांवर. मी रेषेबाहेरून पुडी त्यांच्याकडे टाकली. म्हणालो, "काकू, ताकदीचं औषध आणलंय. दुधभाकरीत घालून बघा."

त्यांनी वर बघितले. "माज्या हातनं खाईल व्हय?"

"बघा तर खरं."

त्यांनी भाकरी कुस्करली, दूध घातले, पुडी घातली, बोटांनी कालवले. थाळी खाली न ठेवता एक घास ओंजळीत घेतला आणि हात पुढे केला. टायगरने मान उचलली. बराच वेळ तो हात हुंगत राहिला. मला वाटले औषधाचा वास लागला. मग त्याने तो घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग थाळीत तोंड घालून पुसून काढली. त्याची शेपटी एकदा, दोनदा जमिनीवर आपटली.

काकू मागे वळल्या नाहीत. अगदी हळू, जणू मोठ्याने बोलले तर मोडेल असे म्हणाल्या, "डॉक्टर, खाल्लं बगा. माज्या हातनं खाल्लं."

त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवीत बसल्या. त्याने फिरवू दिला. थोड्या वेळाने त्याचे डोळे मिटले. "झोप लागली बिचाऱ्याला," काकू म्हणाल्या. "सात दिस डोळ्याला डोळा न्हाय त्येच्या."

मी म्हणालो, "काकू, जरा पाणी आणता का?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि घरात गेल्या. मी रिंगणात गेलो. पहिल्यांदाच. सुई टोचली. काकू तांब्या घेऊन परत आल्या तेव्हा सुई माझ्या खिशात होती.

त्यांनी आधी पाणी मला दिले. मग त्याच्याजवळ बसल्या, पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. पोट हलत नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "उपाशी पोटी एकदम लई घातलं का हो मी?"

मी म्हणालो, "नाही काकू."

"मंग?"

सांगायला तो एकच क्षण होता आणि मी तांब्या तोंडाला लावला.

वर्षभरात मी बदली मागून घेतली. आता सोलापुरातल्या दवाखान्यात असतो. कुत्र्यासाठी कुणी आले तर एकच विचारतो, घरात हात किती? म्हातारी असो, पोर असो, प्रत्येकाच्या हातचे त्याला खाऊ द्या, प्रत्येकाच्या हाकेला येऊ द्या. जमणार नसेल तर कुत्रे नेऊ नका, कुलूप घ्या. जात विचारतात, ही जात तिखट असते ना? मी त्यांना मागवाल्यांच्या जावयाची गोष्ट सांगतो. त्याच्या भावाची सांगत नाही.

शंकरने चौदा इंजेक्शने घेतली. तो मला वाईट कधी बोलला नाही. गेल्या दिवाळीनंतर सगळे सांगून टाकायचे ठरवून मी वस्तीवर गेलो होतो. काकू पडवीत बसल्या होत्या. शेळीचे करडू येऊन त्यांचा हात हुंगू लागले, तसा त्यांनी हात पदराखाली घेतला. सून म्हणाली, "आत्याबाई आता कुण्या जनावराला हातानं घालीत न्हाईत. म्हशीलाबी न्हाई. माजा हात वाईट हाय म्हणत्यात." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसा डॉक्टर, चा घ्या." मी चहा घेतला आणि उठून आलो.

काकूंना वाचता येत नाही. हा अंक मी शंकरच्या पत्त्यावर पाठवणार आहे. शंकर, आईला सांगू नका असे तू म्हणाला होतास. तुझा शब्द मी चार वर्षे पाळला, आणि त्याच्या आड स्वतः लपून राहिलो. आता हे आईला वाचून दाखव. सगळे जमणार नसेल तर एवढे तरी.

काकू, भाकरी जास्त झाली नव्हती. मारले ते मी. मोत्या तुमच्या हाताला आला होता.